ओसोफो एसिल्फींचा बसलेला घसा

टेकडीवरच्या आमच्या गिलाद ख्रिस्ती विद्यापीठात समुपदेशन केंद्र आहे. तशी पाटीच आहे, आणि ती खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या मिनीबसमधूनही वाचता येते: 'विद्यार्थी समुपदेशन केंद्र. निःसंकोच या. सर्व काही गुप्त राहील.' पाटीच्या वर चॅपलचा कर्णा. समोर आंटी मान्साचा ठेला, आंबवलेल्या मक्याची केंकी आणि तळलेली मासळी विकणारा. खोलीच्या खिडक्यांना काचेच्या आडव्या पट्ट्या, त्यातल्या बऱ्याच फुटलेल्या. त्यामुळे आत कोण जातं ते ठेल्यावरच्यांना दिसतं, आत काय चाललंय ते ऐकू येतं, आणि त्यातूनही काही निसटलं तर ते बुधवारी कर्ण्यावरून कळतं. ह्याला गुप्तता म्हणायला फार मोठी श्रद्धा लागते. पण विद्यापीठच श्रद्धेचं आहे.

केंद्राला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये मी मुलांची नाटकं बसवतो. तारुण्यात साल्टपाँडपासून टाकोराडीपर्यंत मी कॉन्सर्ट पार्टीत, म्हणजे आमच्याकडच्या फिरत्या नाटक कंपनीत, बायकांची कामं केली. पेट्रोमॅक्सच्या उजेडात मी डोक्याचा रुमाल सावरत आलो की पुढच्या रांगेतले कोळी शिट्ट्या मारायचे आणि मागच्या रांगेतल्या त्यांच्या बायका त्यांना चपला मारायच्या. काय दिवस होते! आता कंपन्या गेल्या, पेट्रोमॅक्स गेले, आणि नाताळात गाढव कोण आणि मेंढपाळ कोण हे ठरवण्यावर माझं पोट चालतं. ते असो. मला सांगायचंय ते ओसोफो जोसाया एसिल्फींबद्दल, त्या गुप्त खोलीच्या मालकाबद्दल. पाद्र्याला आम्ही ओसोफो म्हणतो, आणि हे ओसोफो विद्यापीठाचे समुपदेशक.

आधी त्यांचा आवाज. मोरी गावच्या किनाऱ्यावर कोळ्याच्या घरी जन्मलेला माणूस. लहानपणी वाळूत उभं राहून हाक मारायचे आणि समुद्रातल्या होड्या माना वळवायच्या. असला खर्ज मी रंगभूमीवर फार क्वचित ऐकला, आणि ज्यांच्या गळ्यात ऐकला त्यांचा तो ताडीत वाहून गेला. ह्यांचा उपदेशात गेला.

उपदेश ते शिकले राजधानी आक्राच्या कानेशी बसस्थानकावर. तिथे बस भरल्याशिवाय सुटत नाही, आणि एकदा खिडकीची जागा मिळाली की प्रवासी मेला तरी ती सोडत नाही. तेवढ्या वेळात उपदेशक बसमध्ये चढतो आणि बोलतो. ह्याहून चांगला प्रेक्षक मला जन्मात मिळाला नाही! ना उठून जाता येत, ना अंडी फेकता येत. तरुण जोसायांनी तिथे वर्षानुवर्षं बस गाजवल्या. एकदा ते बोलता बोलता उतरायचेच विसरले आणि बस थेट कुमासीला गेली. त्याच बसमध्ये, गाडी बिघडल्यामुळे, आमच्या विद्यापीठाचे संस्थापक बिशप बसले होते. कुमासीला उतरताना बिशप म्हणाले, "ह्या माणसाला आमच्या मुलांवर सोडला पाहिजे."

आणि सोडला. मधे कुठलासा समुपदेशनाचा कोर्सही करून आणला. त्याचं प्रमाणपत्र खोलीत येशूच्या चित्राच्या शेजारी, आणि खरं सांगायचं तर किंचित वरच, टांगलेलं आहे. कोर्समध्ये ओसोफो एक गोष्ट शिकून आले: मुलाला प्रश्न विचारायचा. उत्तराची वाट बघायची हा भाग बहुधा दुसऱ्या दिवशी असावा, आणि दुसऱ्या दिवशी ओसोफो तिथल्या बसस्थानकावर गेले असावेत.

"ये बाळा, बस. मन मोकळं कर."

"ओसोफो, मला रात्री झोप…"

"झोप! अरे, येशू बागेत प्रार्थना करत होता तेव्हा शिष्यांनाही झोपच आली होती! आणि काय झालं? काय झालं, सांग!"

सांगायला जागाच नसायची. बस सुटलेली असायची. शेवटी 'डोळे मीट' म्हणून प्रार्थना व्हायची, आणि डोळे उघडेपर्यंत मुलगा आपण कशासाठी आलो होतो तेच विसरलेला असायचा. एकदा एक मुलगी दवाखाना समजून चुकून आत शिरली. दाढ दुखत होती तिची. ती बाहेर आली तेव्हा तिच्या अंगातून आळसाचा, मत्सराचा आणि नाचगाण्याचा आत्मा निघून गेलेला होता. दाढ तेवढी दुखत होती.

बरं, तिथे आपणहून कोणी जात नसेच. आमच्याकडे समुपदेशनाला जात नाहीत, समुपदेशनाला पाठवतात. चॅपल चुकवलं, समुपदेशन. स्कर्ट आखूड, समुपदेशन. मुलगा आणि मुलगी एकाच शहाळ्यातून पिताना सापडले, दोघांना वेगवेगळं समुपदेशन. तुरुंगात विचारतात तसं मुलं एकमेकांना विचारायची, "काय रे, तुला किती झालं?"

त्यातूनही कोणाचं एखादं वाक्य पुरं झालंच, तर मग बुधवार. बुधवारी चॅपलमध्ये ओसोफो सगळ्यांसाठी प्रार्थना मागायचे. "मी नाव घेणार नाही," असं म्हणून सुरुवात. ते वाक्य आलं की आठशे मुलांचे कान टवकारायचे. "नाव घेणार नाही, पण आपल्यातला एक भाऊ संकटात आहे. वडीलधाऱ्यांनी ठरवलेल्या मुलीशी लग्न करायला त्याचं मन धजत नाही. तो बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो, डाव्या हातानं वाजवतो, त्याच्यासाठी प्रार्थना करा!" आमच्या बँडमध्ये डाव्या हातानं ट्रम्पेट वाजवणारा एकच पोरगा होता. योराम त्याचं नाव. सगळं चॅपल त्याच्याकडे वळून बघायला लागलं. रविवारच्या आत बातमी मुलीच्या गावी पोचली, आणि तिचे मामा साखरपुड्याच्या जिनच्या बाटल्या परत घेऊन योरामच्या बापाच्या दारात उभे राहिले. योराम टेमा बंदरावर निघून गेला तो आलाच नाही. ट्रम्पेट अजून चॅपलच्या कपाटात पडलंय.

मी ओसोफोंना विचारलं होतं. "अहो, हे काय केलंत?"

"एग्या," ते मला म्हणाले. माझ्या वयाच्या माणसाला इथे सगळे एग्याच म्हणतात, बाप ह्या अर्थानं. "एग्या, मी नाव कुठे घेतलं?"

आणि त्यांना खरंच वाटत होतं की नव्हतं घेतलं. हीच त्यांची गंमत आणि ह्याचाच राग यायचा. माणूस लबाड असता तर सोपं होतं.

त्यातच अराबा ग्यानवाचं प्रकरण उभं राहिलं. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षातली मुलगी, योरामच्या वर्गातली, आणि चॅपलच्या गायकवृंदात सगळ्यात पुढे उभी राहणारी. ऑगस्टच्या सुटीनंतर परत आली आणि तिनं चॅपलचा उंबरठा ओलांडायचं बंद केलं. बुधवारी सगळे आत, आणि ही बाहेर कडुलिंबाखाली चॅपलकडे पाठ करून उभी. ऊन असो, धूळ असो. कारण विचारलं की म्हणायची, "सांगणार नाही." चॅपल नाही तर पदवी नाही, निदान त्याबद्दलचं समुपदेशन तरी पूर्ण हवं, असा आमचा नियम. पदवी नाही तर मँकेसिमच्या इस्पितळानं देऊ केलेली नोकरी नाही. तिची आई मोरीला मासळी धुरवते. तिनं पदवीदानासाठी सगळ्या घराण्याला एकाच छापाचं कापड शिवायला घालायला लावलं होतं. सगळे काका, माम्या, चुलत भावंडं. आणि मुलगी कडुलिंबाखाली.

विद्यार्थ्यांच्या डीन मिसेस घार्टी म्हणाल्या, "कारण सांग, मग विचार करू." त्या बाईंना नियम मोडल्याचं दुःख होतं की कारण न कळल्याचं, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही. सगळ्या टेकडीला कारण हवं होतं. आंटी मान्सा म्हणायची पोटुशी असणार. गायकवृंद म्हणायचा गळा गेला असणार. स्वयंपाकघरातले म्हणायचे मुसलमान झाली. शेवटी ठरलं की शिस्त समिती बसेल, समुपदेशकांचं म्हणणं ऐकेल आणि निकाल देईल. अराबानं समुपदेशनाला जायला साफ नकार दिला.

"ट्रम्पेट माझ्या शेजारी वाजायचं, एग्या," एवढंच ती मला म्हणाली.

आता इथे देवानं, किंवा हरमाटननं, प्रवेश केला. जानेवारीतला तो कोरडा धुळीचा वारा सुटला असताना आमचा 'अग्नी सप्ताह' होता. मैदानावर रोज प्रवचन. जनरेटर बंद पडला, माईक गेला. शहाणा माणूस घरी गेला असता. ओसोफोंनी बाह्या सारल्या आणि माईकशिवाय मैदानाला सैतानाचे सगळे पत्ते सांगितले. सप्ताह संपला त्या सकाळी त्यांनी तोंड उघडलं आणि आतून बिजागरीचा आवाज आला. दुपारी तोही येईना.

केप कोस्टच्या डॉक्टरनं निक्षून सांगितलं, पंधरवडाभर एक शब्द काढायचा नाही. अगदीच अडलं तर कोणाच्या तरी कानात कुजबुज. नाहीतर आवाज कायमचा जाईल. ओसोफो रजा मागायला खाणाखुणा करत डीनबाईंकडे गेले. मिसेस घार्टी म्हणाल्या, "घसा बसलाय ना? मग तुम्हीही बसा. खुर्चीत बसायला घसा लागत नाही. एवढी मुलं शिक्षा घेऊन थांबलीत, त्यांचं मी काय करू?"

म्हणून ओसोफो खुर्चीत बसले.

पहिला आत गेला एकोव. चॅपल चुकवून फुटबॉलची मॅच बघताना सापडलेला. सराईत गुन्हेगार, आत जाताना मला डोळा मारून गेला. मी शेडमध्ये पडदा शिवत होतो. आतून काही ऐकू येईना. बराच वेळ नुसती शांतता. मग एकोव म्हणाला, "ओसोफो, सुरू करा ना." शांतता. "मॅच बघत होतो मी. चूक झाली." शांतता. "म्हणजे मॅच कसली… वसतिगृहात बसवत नाही मला." आणि मग तो जो बोलायला लागला! बापानं कुमासीला दुसरं घर केलंय, आईला ते माहीत नाही, ह्याला माहीत आहे, आणि तो आईशी फोनवर बोलताना हवापाण्याच्या गोष्टी करतो. बाहेर आला तेव्हा नाक लाल झालेलं.

"एग्या," तो म्हणाला, "काय केलं हो ह्यांनी मला?"

"काही नाही केलं, बाळा."

"तेच तर!"

टेकडीवर बातमी पसरायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी केंद्रासमोर रांग. तिसऱ्या दिवशी रांग चॅपलला वळसा घालून गेली, आणि आंटी मान्सानं ठेला सरकवून रांगेच्या मध्यावर आणला. मुलं एकमेकांना हाका मारत होती, "अरे पळ, आवाज परत यायच्या आत नंबर लाव!" ज्या खोलीत पोलीस लावून न्यावं लागे, तिथे आता पोरं सकाळी पुस्तकं ठेवून जागा धरत होती. आणि मी, लाज नाही मला, खिडकीपासचं एक शिवणकाम लांबवत नेत होतो. पण मुलं हुशार. त्यांनी फुटक्या पट्ट्यांमध्ये वर्तमानपत्र कोंबलं. मला हवं तेव्हा नेमकं काही ऐकू येईना.

ओसोफोंची अवस्था बघवत नव्हती. कोणी काही सांगायला लागलं की त्यांचा हात सवयीनं वर जायचा, तोंड उघडायचं, डॉक्टर आठवायचा, तोंड मिटायचं. दर वाक्याला त्यांच्या पोटात एक प्रवचन मरत होतं. पहिले दोन दिवस त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं ते मला घशाच्या वेदनेचं वाटलं. आल्याचा काढा करून दिला मी. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, घसा दुखत नव्हता. ते ऐकत होते. इतकी वर्षं मुलं काय घेऊन येत होती ते त्यांना आत्ता कळत होतं.

मुलं गेल्यावर, संध्याकाळच्या प्रार्थनेच्या घंटेनंतर, मोठी माणसं यायला लागली. रजिस्ट्रार अमिसा पंखा चालतो का बघायला आले आणि अंधार पडेपर्यंत पंखाच बघत बसले. जुना करार शिकवणारे प्रोफेसर डाड्झी एक पुस्तक परत करायला आले. बाहेर आले तेव्हा पुस्तक हातातच होतं. आणि एका संध्याकाळी स्वतः मिसेस घार्टी. ओसोफोंना झापायला आल्या होत्या. झापण्याची पहिली दोन वाक्यं मी ऐकली. मग आतला सूर बदलला, आणि बाईंनी डोक्याचा रुमाल सोडून तो उरलेल्या फुटक्या पट्टीत कोंबला. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच आलोय. माझ्या शेडकडे कोणी बघितलंच नाही. म्हाताऱ्या नटाला कोणी मोजत नाही.

अशात अराबा माझ्या बाकावर येऊन बसली.

"एग्या, त्यांचा आवाज खरंच गेलाय?"

"खरंच गेलाय."

"नाटक नाही ना?"

"अगं पोरी, नाटक मी ओळखतो. आणि हा माणूस नट नाही. एका नाताळात मी त्यांना हेरोद राजा केलं होतं. बाळांना मारायचा हुकूम द्यायचा सोडून त्यांनी शिपायांना पश्चात्ताप करायला लावला."

ती हसली. पुष्कळ दिवसांनी तिला हसताना बघितलं. "परत कधी येईल आवाज?"

"शनिवारी डॉक्टर बघणार आहे."

"मग आजच जाते," ती म्हणाली आणि उठली.

ती आत गेली तेव्हा आंटी मान्साचं पातेलं भरलेलं होतं. बाहेर आली तेव्हा आंटी पातेलं घासत होती. अराबानं नळावर तोंड धुतलं आणि सरळ वसतिगृहाकडे गेली. तिच्या मागून ओसोफो आले, माझ्या शेजारी बसले. मी त्यांच्यासाठी ठेवलेली मासळी पुढे केली. त्यांनी हात लावला नाही.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

मान हलली. नाही.

"अहो, माझ्या कानात. एक शब्द. मी काय कर्ण्यावरून सांगणार आहे?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मासळी मागे घेतली. उठले आणि निघून गेले. बुधवारी नाव न घेता सगळं सांगणारा हाच तो माणूस!

शनिवारी ते केप कोस्टला जाऊन आले. टेकडी चढताना सगळ्यांनी विचारलं, काय म्हणाला डॉक्टर? ओसोफोंनी घशाकडे बोट दाखवलं आणि दुःखी चेहऱ्यानं मान हलवली. रांगेनं टाळ्या वाजवल्या.

मंगळवारी समिती बसली. त्याच्या आदल्या दुपारी ओसोफो माझ्या शेडमध्ये आले, सामानातून सॉलोमन राजाच्या नाटकातली सोनेरी काठी उचलली आणि माझ्या हातात दिली. मी समजलो. त्यांना ओचामे हवा होता.

आमच्याकडे राजा कधी लोकांशी थेट बोलत नाही. तो शेजारी उभ्या ओचामेच्या कानात कुजबुजतो आणि ओचामे ते सगळ्यांना नीट शब्दांत ऐकवतो. राजाशीही कोणी थेट बोलत नाही. जे सांगायचं ते ओचामेला. एखाद्या पाद्र्यानं समितीपुढे ओचामे आणल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. पण त्या खोलीतला प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या राजापुढे आदरानं खांद्यावरचं कापड खाली घेऊन उभा राहिलेला होता. डोक्यात कितीही इंग्रजी कायदा असला तरी काठी बघितली की पाठ आपोआप वाकते.

समितीत तिघंच: मिसेस घार्टी, अमिसा, आणि डोळे मिटून बसलेले डाड्झी. अराबा भिंतीजवळच्या स्टुलावर. ओसोफो खुर्चीत, मी त्यांच्या उजव्या हाताला काठी घेऊन. मिसेस घार्टींनी काठीकडे बघितलं, नाक मुरडलं, मला हाकलायला तोंड उघडलं, आणि त्या तोंडातून निघालं, "ओचामे, ओसोफोंना सांग की समितीनं त्यांचं स्वागत केलंय." स्वतःच दचकल्या. पण आता मागे फिरायचं कसं?

मी काठी पुढे टेकली. हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाला मोठ्यानं सांगितलं, "ओसोफो, समिती तुमचं स्वागत करते." ओसोफोंनी मान डोलावली. मी म्हणालो, "ओसोफो मान डोलावतात."

"ते दिसतंय आम्हाला," अमिसा पुटपुटले.

"ओचामे," बाई म्हणाल्या, "ओसोफोंना विचार, ही मुलगी चॅपलमध्ये का येत नाही, ते तिनं सांगितलं का?"

ओसोफो माझ्या कानाशी आले. "सांगितलं," ते कुजबुजले.

मी हातातली काठी घट्ट धरली. मी आयुष्यभर विंगेतून पडलेल्या कुजबुजीवर जगलो आहे. बसलेल्या घशाची कुजबुज नुसती हवा असते. ह्या कुजबुजीच्या तळाशी खर्ज होता. कानाचं हाड हललं माझं. आवाज परत आला होता! हा माणूस सबंध टेकडीला फसवत होता, आणि मीही फसलो होतो.

पण मी ओचामे होतो. चेहऱ्यावरची सुरकुती हलू दिली नाही. "ओसोफो म्हणतात, सांगितलं."

"काय सांगितलं?"

अराबानं स्टुलाची कड धरली. कोणालाही दिसावं इतक्या जोरात. ओसोफो पुन्हा माझ्या कानाशी आले.

"ओसोफो म्हणतात," मी म्हणालो, "ते तिचं आहे. तिनं समुपदेशन पूर्ण केलंय. नियमात एवढंच लिहिलंय."

"म्हणजे सांगणार नाहीत?" बाईंचा आवाज चढला. "ओचामे, ओसोफोंना सांग, आम्ही काही पोरंटोरं नाही. आत्ता घसा नसेल तर पुढच्या आठवड्यात आवाज आल्यावर सांगा. तोवर हिची पदवी थांबेल. कारण कळल्याशिवाय मी सही करणार नाही!"

ओसोफोंनी तिघांकडेही एकेक करून बघितलं. मग कानात जे सांगितलं ते ऐकून मला अशी गंमत वाटली की मी ते सांगायच्या आधी एक श्वास जास्तच घेतला. कंपनीत आम्ही टाळीच्या वाक्याआधी घ्यायचो तसा. आणि जन्मात पहिल्यांदा मी संवादात पदरचं एक अक्षर घातलं नाही.

"ओसोफो म्हणतात, समितीची आज्ञा शिरसावंद्य. आवाज आला की ते कारण सांगतील. पण न्याय सगळ्यांना सारखा हवा. तेव्हा ह्या पंधरवड्यात जे जे कोणी त्या खोलीत येऊन बोलून गेले, त्या सगळ्यांची कारणं ते एकदमच सांगतील. बुधवारी, चॅपलमध्ये. नाव न घेता."

छताला पंखा फिरत होता. अमिसा त्या पंख्याकडे बघायला लागले. प्रोफेसर डाड्झींनी डोळे उघडले. मी त्यांना त्या खोलीत ह्याआधी जागं बघितलं नव्हतं. मिसेस घार्टींचा हात डोक्याच्या रुमालाकडे गेला आणि तिथेच थांबला. प्रत्येक जण आपल्या एकट्याच्या पापाकडे बघत होता. कोणी एकमेकांकडे बघेना. बघितलं असतं तर सगळंच कळलं असतं.

"मला वाटतं," प्रोफेसर डाड्झी म्हणाले, "समुपदेशन पूर्ण झालंय."

"माझंही तेच मत," अमिसा म्हणाले.

मिसेस घार्टींनी अराबाकडे बघितलं, पहिल्यांदाच नीट बघितलं असावं, आणि सही केली. "पण ओचामे," त्या म्हणाल्या, "ओसोफोंना सांग, घशाला जपा म्हणावं. घाई करू नका."

आम्ही दोघं टेकडीच्या मागच्या वाटेनं उतरलो. कोणी नाही बघून मी थांबलो. "कधी आला?"

ओसोफोंनी मागे बघितलं, पुढे बघितलं, आणि त्या जुन्या खर्जात म्हणाले, "शनिवारी." झाडावरचे बगळे उडाले.

"आणि मला सांगितलं नाहीत? मला? ह्या धंद्यातल्या माणसाला?"

"एग्या, तुम्हाला सांगितलं असतं तर तुमचा चेहरा बोलला असता."

माझ्या साठ वर्षांच्या कलेवर असली टीका कोणी केली नव्हती. आणि केली कोणी, तर ज्याला हेरोद जमला नाही त्यानं!

पदवीदान मैदानावर झालं. मोरीहून एकाच निळ्या छापाच्या कापडात अख्खं घराणं आलं; लांबून वाटलं समुद्रच टेकडी चढून येतोय. अराबाचं नाव पुकारल्यावर तिच्या आईनं जो गलका केला त्यात पुढची चार नावं वाहून गेली. नंतर सगळे उपासनेला चॅपलमध्ये गेले. अराबा गेली नाही. टोपी आणि झगा घालून कडुलिंबाखाली उभी राहिली, पण ह्या वेळी चॅपलकडे तोंड करून.

एवढं झाल्यावर ओसोफो संत झाले असं कोणी समजू नये. आवाज 'परत आल्याचं' त्यांनी पदवीदानानंतर जाहीर केलं आणि साठलेलं सगळं पुढच्या तीन बुधवारी वसूल केलं. बसस्थानकावर गेले की अजून बसमध्ये चढतात. मला सकाळी भेटले की दुपारीच सोडतात. 'नाव घेणार नाही' तेवढं बंद झालं. आणि एकदा टेमाला जाऊन आले. कशाला ते सांगितलं नाही. ट्रम्पेट घेऊन गेले होते, ट्रम्पेट घेऊनच परत आले.

खोलीबाहेरची रांग मात्र टिकली, आणि त्याचं कारण मला एकदा वर्तमानपत्राच्या फटीतून दिसलं. टेबलावर आल्याच्या पाण्याचा भला मोठा मग असतो. मूल आत आलं, बसलं की ओसोफो एक मोठा घोट तोंडात घेतात आणि गिळत नाहीत. गाल फुगवून, डोळे विस्फारून, मूल उठेपर्यंत तसेच बसतात. एकदा एकोवनं काहीतरी विनोदी सांगितलं तेव्हा सगळं पाणी प्रमाणपत्रावर उडालं होतं. ते अजून सुकलेलं नाही.

मी म्हातारा, भोचक. मला झोप लागत नाही. दर काही महिन्यांनी मी त्यांच्यासमोर जाऊन बसतो आणि विचारतो, "ओसोफो, आता तर ती मँकेसिमला नर्स झाली. पदवी काही कोणी परत घेत नाही. सांगा ना, चॅपलमध्ये का जात नव्हती पोरगी?"

ते माझ्याकडे प्रेमानं बघतात आणि टेबलावरचा तो मग उचलतात.